न पळायचे बूट

चाळिशी उलटेपर्यंत मी काळे लेदरचे बूट घातले. शिक्षकाच्या पायात दुसरं काही असू शकतं, असा विचारही आमच्या शाळेत कुणी केला नव्हता. शिपाई चपला घालायचे, पी.टी.चे सर पांढरे कॅनव्हास घालायचे आणि उरलेला सगळा स्टाफ काळ्या बुटांत. माझं घर बदनापूरला, शाळा जालन्यात. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, आणि मधल्या वेळात स्टेशन ते शाळा, या वर्गातून त्या वर्गात, वरच्या मजल्यावरून खाली, असं दिवसभर चालायचं. त्या बुटांनी माझ्या उजव्या पायाला कुरूप आणलं होतं. कविता शिकवताना मी एका पायावर भार देऊन उभा राहायचो. मुलांना वाटायचं, सर कवितेत रंगलेत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. लेक औरंगाबादला कॉलेजात शिकत होती. सुट्टीत घरी आली आणि माझं लंगडणं पाहून म्हणाली, "बाबा, रनिंग शूज घ्या. रेट्रो."

"मला कुठं पळायचंय?"

"पळायला नाही हो. रोज घालायला. जुन्या काळी पळायचे बूट असायचे ना, तसे दिसतात. आता सगळे तेच घालतात."

"मग जुनेच का घेत नाहीत?"

"जुने जुने असतात, बाबा. हे नवे आहेत."

बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काहीबी घ्या, पण ते पायाचं रडगाणं एकदाचं बंद करा."

शनिवारी शाळा लवकर सुटली. मी बुटाच्या दुकानात निघालोय हे कळताच आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सोबत आले. कुणीही काहीही विकत घ्यायला निघालं की ते सोबत यायचे. फ्रीज, सायकल, बैठकीतला पंखा, स्टाफमधल्या कुणाची कुठलीच खरेदी त्यांच्या सल्ल्यावाचून पार पडली नव्हती. सेवाज्येष्ठतेत ते माझ्या पाठोपाठ होते. उपमुख्याध्यापकाची जागा पुढच्या वर्षी रिकामी व्हायची होती आणि ती मला मिळणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल आम्ही कधी बोलत नसू. फक्त बूट, पंखे, सायकली याबद्दल बोलत असू.

दुकानदार चाचा गल्ल्यावर बसून चहा पीत होते. मी म्हणालो, "पळायचे बूट दाखवा."

"कितना पळणार सर? रोज की कभी-कभी?"

"पळणार नाही. घालणार."

चाचांनी कप खाली ठेवला. "मंग चालायचे दाखवतो."

"चालायचे नकोत. पळायचेच हवेत. पण पळायला नकोत."

चाचांनी विज्ञानाच्या सरांकडे पाहिलं. सरांनी हळूच मान हलवली. या माणसाला सांभाळून घ्या, असा त्या हलवण्याचा अर्थ होता.

मग खोके उघडायला सुरुवात झाली. पहिला जोड चंदेरी होता, टाचेत स्प्रिंगा दिसायच्या. विज्ञानाचे सर त्याच्यावर एकदम खूश. त्यांनी तो उलटा केला, वाकवला, टाच अंगठ्यानं दाबली आणि गुरुत्वाकर्षणाबद्दल थोडं बोलले. मी घालून उभा राहिलो तर आपण सहकारी बँकेच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखे आपोआप उंच झालोय असं वाटलं. दुसऱ्या जोडाच्या टाचेत दिवा होता. पाय आपटला की लाल उजेड पडायचा. नववीच्या वर्गात मी असा उजेड पाडत शिरलो तर काय होईल, याचा विचार करून तो परत केला. तिसरा इतका पांढरा आणि इतका जाड होता की पाय प्लास्टरमध्ये घातल्यासारखा दिसे.

"और एक है," चाचा म्हणाले, "पण तो कुणी घेत न्हाई. पुराना दिसतो."

तो निळा होता. अंगानं सडपातळ, वर नायलॉन, पुढं आणि टाचेला मऊ सुएड चामड्याचे तुकडे, बाजूला दुधी रंगाची पट्टी, खाली खाकी रबराचा तळवा. मी तो हातात घेतला आणि एकदम एक्क्याऐंशी सालात गेलो.

तेव्हा मी कुंभार पिंपळगावला शाळेत शिकत होतो. शहराकडून एक नवे क्रीडाशिक्षक आले होते आणि त्यांच्याकडे असेच निळे बूट होते. आमच्या गावानं तोवर असलं काही पाहिलं नव्हतं. सर ते बूट घालून आठवडी बाजारातून फिरायचे. सावकाश, भाजीच्या पाट्यांमधून, कुणाचा धक्का लागणार नाही असं बघत. त्या बुटांत ते पळाल्याचं कुणी पाहिलं नाही. शर्यतीच्या दिवशी मैदानात धूळ उडते म्हणून ते खुर्चीवर उभे राहून शिट्टी वाजवायचे. तरी पळण्याचा विषय निघाला की अख्खा गाव त्यांचंच उदाहरण द्यायचा. मला त्या वयात पळायचं नव्हतं, बाजारातून तसं चालायचं होतं.

"हेच द्या," मी म्हणालो.

"सर, नीट विचार करा," विज्ञानाचे सर म्हणाले. "यात स्प्रिंग न्हाई, काही न्हाई. टेक्नॉलॉजी काय आहे यात?"

"पाय मावतोय."

मरून आणि मोहरी रंगातही तोच बूट होता. मोहरी रंग सरांना पसंत पडला, म्हणून मी निळाच घेतला. चाचा खोका बांधताना स्वतःशीच म्हणाले, "पुराना माल नया होऊन येतोय. अजब जमाना है."

सोमवारी सकाळी मी फलाटावर गेलो तेव्हा पाय इतके हलके होते की मी विनाकारण दोन्ही टोकांपर्यंत चालून आलो. तिथंच चूक झाली. आमच्या रोजच्या गाडीच्या मंडळात एका बँकेतले कॅशियर होते. वयानं माझ्याहून थोडे मोठे, इस्त्रीचा सदरा, चकचकीत काळे बूट, बोलणं मोजकं. ते माझ्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "किती आली?"

"काय किती?"

"शुगर."

"छे हो. मला शुगर नाही."

"सुरुवातीला सगळे न्हाईच म्हणतात," ते समजुतीनं म्हणाले. "डॉक्टरनं सकाळी सांगितलं की संध्याकाळी? चालायला."

मी हसून सांगितलं की पायाला कुरूप आहे, लेकीनं सुचवलं, रोज घालायला आणलेत. ऐकणाऱ्या चारचौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्याकडे धडधाकट, बायकोमुलांचा, पगारदार माणूस पळायचे बूट घालतो ते दोनच कारणांनी. एक तर त्याला डॉक्टरनं चालायला सांगितलेलं असतं, नाहीतर त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. मंडळानं माझ्याबद्दलच्या आपुलकीनं पहिलं कारण निवडलं.

गाडी जालन्याला पोचेपर्यंत मला शुगर होती. शाळेच्या फाटकात पोचेपर्यंत ती हृदयापर्यंत गेली होती. मधल्या सुट्टीत शिपायानं माझ्यापुढं वेगळा कप ठेवला. बिनसाखरेचा.

"हे काय?"

"सायन्सचे सर म्हनले, तुमचा आजपासून असाच द्यायचा."

विज्ञानाचे सर समोरच बसले होते. त्यांनी आपला गोड चहा घाईनं संपवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मी दुकानातच ओळखलं होतं. पण तुम्ही स्वतःहून सांगेपर्यंत विचारायचं न्हाई असं ठरवलं. आता एकच सांगतो. तब्येत आधी. पदाबिदाचं काय घेऊन बसायचं?"

"कुठलं पद?"

"तेच. जबाबदारीचं काम, टेन्शन. तुम्हाला झेपायचं न्हाई. मी आहे ना."

शेवटच्या तासाला मुख्याध्यापकांनी बोलावलं. दार लावून घेतलं. पाणी दिलं. मागं मी टायफॉइडनं महिनाभर अंथरुणावर होतो तेव्हा याच मुख्याध्यापकांनी परीक्षेचे पेपर घरी तपासायला पाठवले होते. आज ते म्हणाले, "उद्यापासून तुमचे सगळे तास तळमजल्यावर. जिना चढायचा न्हाई."

"सर, मला काहीही झालेलं नाही."

"हीच जिद्द पाहिजे," ते म्हणाले.

मला खोटं बोलायचं नव्हतं. पण मी खरं बोलत होतो ते कुणी ऐकत नव्हतं, आणि तळमजल्यावरचे वर्ग खरोखरच थंड होते. मी चार-पाच वेळा निक्षून सांगितलं, मग दोन-तीन वेळा नुसतं सांगितलं, आणि मग मान हलवायला लागलो.

रविवारी सकाळी शहागडहून जीप आली. पुढं मेहुणा, मागं सासूबाई, दोन मावशा, एक चुलतसासरे आणि बाकी कोण हे मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. सोबत शहाळी, सफरचंदं, कारल्यांची पिशवी आणि जांभळाच्या बियांची पूड. सासूबाई उंबऱ्यातच रडायला लागल्या.

"दाजी, आम्हाला परक्यासारखं बाहेरून कळावं व्हय?" मेहुणा म्हणाला. "हायवेवर हॉटेलात चहा पीत बसलो होतो. तुमच्या गाडीतला एक माणूस भेटला. म्हनला, तुमच्या दाजीचं काही खरं न्हाई. पळायचे बूट घेतलेत."

"अरे, मला काही झालेलं नाही. पाय दुखत होता म्हणून घेतले."

"पायातच उतरती आधी," एक मावशी म्हणाल्या.

मी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. खोका घरी आला त्या दिवसापासून ती सगळ्याला साक्षी होती. पण इतकी माणसं, इतकी कारली आणि आईचं रडणं पाहून तिच्याही चेहऱ्यावर शंका आली. ती मला आत घेऊन गेली.

"खरं सांगा. लपवून राह्यलेत का काही?"

"अगं, तूच म्हणालीस ना बूट घ्या म्हणून?"

"मी बूट घ्या म्हनले. तुम्ही नेमके पळायचेच का घेतले? इतके बूट सोडून? मनात काही असल्याशिवाय माणूस असं करतं का?"

 एक्क्याऐंशी सालचे क्रीडाशिक्षक आणि भाजीच्या पाट्या मी तिला सांगायला गेलो असतो तर डोकं ठिकाणावर नसल्याच्या दुसऱ्या कारणावर शिक्कामोर्तब झालं असतं.

सोमवारी मेहुणा मला जालन्यातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीची ईसीजी पट्टी काढली, जीभ बाहेर काढायला लावली आणि दोघांसमोर स्पष्ट सांगितलं, "यांना काहीही झालेलं नाही. वजन थोडं कमी करा, बस."

बाहेर आल्यावर मेहुण्यानं मला हात धरून पायऱ्या उतरवल्या. मग म्हणाला, "डॉक्टर पेशंटच्या तोंडावर कसं सांगल, दाजी?" आणि त्याचे डोळे भरून आले.

त्यानंतर मी लढाई सोडून दिली. रोज सकाळी कारल्याचा रस प्यायचो. त्याच महिन्यात कुंभार पिंपळगावला चुलत घरात लग्न होतं. पंगतीत बसलो. बुंदी घेऊन वाढपी आला, शेजारच्याला वाढली, माझ्या पत्रावळीवरून घमेलं उचललं आणि पलीकडच्याला वाढली.

"इकडं राहिली," मी म्हणालो.

"गुरुजींना नको," पंगतीच्या टोकावरून कुणीतरी ओरडलं.

"मला चालते."

सगळी पंगत हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली. वाढप्यानं भीत भीत चिमूटभर बुंदी टाकली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी ती माझ्या पत्रावळीवरून उचलून स्वतःच्या पत्रावळीवर घेतली आणि खाऊन टाकली. "पोरा, जीव महत्त्वाचा," ते चावता चावता म्हणाले. एक फायदा मात्र झाला. मांडवाबाहेरून त्या दिवशी निम्म्या पाहुण्यांच्या चपला गेल्या, माझे कोरे बूट होते तसेच राहिले. आजारी माणसाची वस्तू चोरालाही नकोशी वाटत असावी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या आठवड्यात एके दिवशी कारल्याचा रस करायला बायकोला उशीर झाला. तो प्यायल्याशिवाय ती मला उंबरा ओलांडू देईना. मी स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी हलली होती. गाडी सुटायला लागली की कुणीही करतो तेच मी केलं. पळालो. आणि खरं सांगतो, त्या बुटांत पळायला इतकं छान वाटत होतं की ते पळायचे नाहीत असं लेकीनं का सांगितलं होतं, हेच मला कळेना.

दारातल्या लोकांनी मला पाहिलं आणि कालवा सुरू झाला.

"सर पळून राह्यले! आवो, सर पळून राह्यले!"

"थांबा सर! जीव जाईल!"

"धरा त्यांना!"

डब्यात कुणीतरी साखळी ओढली. गाडी कचकन थांबली. मी दाराशी पोचलो होतो, दांडीला हातही लागला होता, पण वरून सहा-सात हातांनी मला उचललं आणि थेट बाकावर आडवं केलं. एकानं सदऱ्याची बटणं सोडली, एक वर्तमानपत्रानं वारा घालू लागला, एकानं माझे बूट काढून तळवे चोळायला घेतले. मी ओरडत होतो, "मी ठीक आहे, सोडा मला." तोंड उघडलेलं पाहून कॅशियरनी खिशातून एक बारीक गोळी काढली आणि माझ्या जिभेखाली सरकवली.

"बोलू नका. विरघळू द्या."

गार्ड डब्याशी आले, साखळी कुणी ओढली विचारू लागले. "पेशंट आहे," सगळा डबा एका सुरात म्हणाला. गार्डनी माझ्याकडे पाहिलं. तोवर माझं तोंड लालबुंद झालं होतं, डोक्यात घण पडत होते, आणि उठून खुलासा करावा म्हणून मी उभा राहिलो तर डोळ्यांपुढं अंधारी आली. मी कॅशियरच्या अंगावर कोसळलो. त्यापुढं साखळीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

जालन्यात मला रिक्षात घालून त्याच डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि विचारलं, "यांना काय दिलंत?" कॅशियरनी गोळीचं नाव सांगितलं. डॉक्टर भडकले. "धडधाकट माणसाला हृदयाची गोळी? चक्कर येणारच! ही गोळी तुमच्याकडं कशी?"

कॅशियरनी खिशावर हात ठेवला. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्यावर ते माझ्या खाटेशी स्टुलावर बसले. बराच वेळ आपल्या चकचकीत बुटांकडे पाहत राहिले.

"सर, गोळी माझी आहे."

"तुमची म्हणजे?"

"मागच्या पोळ्याला छातीत दुखलं होतं. औरंगाबादला जाऊन दाखवून आलो. घरी फक्त हिला माहीत आहे. डॉक्टरनं सांगितलंय, हे कडक बूट टाका, मऊ घाला, रोज चाला."

"मग घातले का नाहीत?"

"पळायचे बूट घातल्यावर लोकांना कळलं नसतं का? तुमचं काय झालं, बघितलं ना." त्यांनी खिशातला रुमाल काढून घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. "थोरलीचं लग्न जमवायचंय, सर. बाप असा आहे म्हटल्यावर कोण येईल दारात? त्या दिवशी तुमच्या पायात ते बूट बघितले आणि मला वाटलं, आपल्यासारखं कुणीतरी आहे. म्हणून विचारलं, किती आली. बाकी सगळं पुढं पुढं होत गेलं."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. डोकं अजून ठणकत होतं, उपमुख्याध्यापकाची जागा हातातून गेल्यात जमा होती. पण हा माणूस रोज माझ्याशेजारी उभा राहून गप्प गप्प घाबरत होता आणि मी त्याला नुसता नीटनेटका समजत होतो.

"संध्याकाळी चालायला येता का?" मी विचारलं.

"लोक विचारतील."

"सांगा, सरांना एकटं सोडता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळे हसले. दोन दिवसांनी ते मरून रंगाचा जोड घेऊन आले. मंडळात कुणी विचारलं तर म्हणायचे, "सरांना सोबत म्हणून. त्यांना एकट्याला लाज वाटती." लोकांना ते फार आवडलं. मित्र असावा तर असा, असं माझ्यासमोर चारदा बोललं गेलं. संध्याकाळची गाडी बदनापूरला थांबली की आम्ही दोघं कृषी संशोधन केंद्राच्या शेतांच्या कडेनं चालायला निघायचो. तुरीच्या वासातून, हळूहळू. दम लागला की ते थांबायचे आणि समोरून कुणी आलं की माझा दंड धरायचे. येणारा माझी विचारपूस करायचा. मी खोकायचो.

विज्ञानाचे सर उपमुख्याध्यापक झाले. भाषणात त्यांनी सांगितलं की हे पद आपण एका आजारी सहकाऱ्याच्या वतीनं सांभाळत आहोत. टाळ्या वाजल्या. बायकोला मी सगळं खरं सांगितलं होतं. तिनं रस बंद केला, पण माहेरी कळू नये म्हणून कारली आली की शेजारी वाटायची.

थोरलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मला वाटलं, आता सुटका. मी कॅशियरना आडून विचारलं, "आता सांगायला हरकत नाही ना?"

ते संकोचून म्हणाले, "सर, धाकटी आहे अजून."

मग आणखी काही वर्षं मी आजारी राहिलो. धाकटीचंही झालं, चांगल्या घरात. ती सासरी गेल्यावर एका सकाळी फलाटावर कॅशियरनी सगळ्यांना जवळ बोलावलं. माझा हात धरून उभे राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. पेशंट आपण होतो, सर कधीच नव्हते, आपल्या पोरींसाठी त्यांनी एवढी वर्षं हे अंगावर घेतलं.

मंडळ गंभीर झालं. कुणीतरी नाक पुसलं. मग एक जण मला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "बघा सर, काय देवमाणूस आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेऊन राह्यला."